न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातली फुगडी: क्वार्क जोड्या कशा लावतात?

न्यूट्रॉन तारे म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिदाट गाभे. त्यांच्या बातम्यांमध्ये ‘कलर सुपरकंडक्टिव्हिटी’ हा शब्द आता अधूनमधून दिसू लागला आहे. मराठीत त्याला रंग-अतिवाहकता म्हणता येईल. हे नाव वाचकाला दोनदा फसवतं. यातल्या ‘रंगा’चा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी संबंध नाही, आणि यातल्या सर्वांत महत्त्वाच्या अवस्थेतून वीज वाहतच नाही. तरीही नाव योग्य आहे. ते का योग्य आहे, हे समजलं की विषयाचा गाभा हाती लागतो.

## आधी साधी अतिवाहकता

१९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडेन इथे कॅमरलिंग ओनेस यांनी पारा गोठवत नेला. तापमान ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं आणि पाऱ्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. असं का होतं, हे कळायला १९५७ साल उजाडावं लागलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिलेलं उत्तर थोडक्यात असं: धातूतले इलेक्ट्रॉन जोड्या लावतात.

हे समजण्यासाठी अडत्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रॉनांचा नियम कडक आहे: एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. त्यामुळे पोत्यांची थप्पी लावावी तसे ते कमी ऊर्जेच्या जागांपासून वरवर रचले जातात. खालच्या थरातलं पोतं हलवता येत नाही, कारण आजूबाजूला आणि वर रिकामी जागाच नसते. हालचाल शक्य असते ती फक्त माथ्यावरच्या पोत्यांना. पदार्थाचे जवळजवळ सगळे गुणधर्म हा माथा ठरवतो.

कूपर यांनी १९५६ मध्ये या माथ्याबद्दल एक विलक्षण गोष्ट दाखवली. मोकळ्या अवकाशात दोन कणांमध्ये अगदी क्षीण आकर्षण असेल, तर ते एकमेकांना बांधले जातीलच असं नाही. भरलेल्या थप्पीच्या माथ्यावर मात्र कितीही क्षीण आकर्षण पुरतं. माथ्यावर आणखी दोन कण ठेवायला वेगळी किंमत पडत नाही, आणि आकर्षणामुळे थोडी ऊर्जा वाचते. ती सगळी बचत निव्वळ नफा असते. म्हणून एक जोडी जमली की दुसरी जमते, तिसरी जमते, आणि अखेर सगळा माथाच जोड्यांचा होतो.

ही जोडी कशी असते? फुगडीसारखी. दोघी समोरासमोर, हात धरून, सारख्याच जोराने मागे रेललेल्या. एकीचा झोक या दिशेला, तर दुसरीचा नेमका उलट दिशेला, तेवढाच. फुगडी कितीही फिरली तरी जोडी जागच्या जागी राहते. कूपर जोडीतल्या दोन कणांचे संवेग असेच समान आणि विरुद्ध असतात. त्यांची दिशा बदलली तरी दोघंही थप्पीच्या माथ्यावरच राहतात. म्हणून जोडी लावण्याची ही सगळ्यात फायद्याची पद्धत ठरते.

अशी जोडी तोडायला काही किमान ऊर्जा मोजावी लागते. तिला ‘गॅप’ म्हणतात. लेखात पुढे हा शब्द वारंवार येईल. धातू थंड असेल तर त्यातल्या किरकोळ धक्क्यांना ती किंमत परवडत नाही, जोड्या अभंग राहतात आणि रोध उरत नाही.

## क्वार्क, त्यांचे रंग आणि त्यांची दाटी

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन प्रत्येकी तीन क्वार्कचे बनलेले असतात. क्वार्कचे सहा प्रकार आहेत. आपल्या कामाचे तीन: अप, डाउन आणि त्यांच्यापेक्षा बराच जड स्ट्रेंज. याशिवाय प्रत्येक क्वार्कवर एक वेगळ्या जातीचा भार असतो. विद्युतभाराला धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात, तसे या भाराचे तीन प्रकार. त्यांना लाल, हिरवा आणि निळा अशी नावं दिली गेली, कारण तिन्ही एकत्र आले की भार शून्य होतो, तीन रंगांचे प्रकाश मिळून पांढरा व्हावा तसा. हाच तो ‘रंग’. क्वार्कना एकत्र धरून ठेवणारं प्रबल बल याच भारावर काम करतं, आणि ते वाहून नेणाऱ्या आठ कणांना ग्लूऑन म्हणतात.

एरवी क्वार्क एकटा सापडत नाही. पण पदार्थ दाबत नेला तर काय होईल? अणुकेंद्रकात एका प्रोटॉनच्या किंवा न्यूट्रॉनच्या वाट्याला सुमारे सव्वासहा घन फेम्टोमीटर जागा येते. फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे, म्हणजे त्याचं स्वतःचं आकारमान जवळपास अडीच घन फेम्टोमीटर. भागाकार केला की दिसतं, घनता अडीचपट झाली तर मधली मोकळी जागा संपते. प्रोटॉन काही टणक गोट्या नाहीत, त्यांच्या कडा पुसट असतात, त्यामुळे अडीच हा आकडा रेघ मारल्यासारखा घेऊ नये. पण यापुढे ‘हा क्वार्क कोणत्या न्यूट्रॉनचा’ हा प्रश्नच हळूहळू निरर्थक होत जातो.

इतकी दाटी निसर्गात एकाच ठिकाणी टिकून राहते: न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान आणि जेमतेम १२ किलोमीटर त्रिज्या. मुंबईत सीएसएमटीपाशी त्याचं एक टोक ठेवलं तर दुसरं ठाण्याच्या अलीकडेच संपेल. अणुकेंद्रकातला पदार्थ घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन भरतो, आणि जड ताऱ्याच्या गाभ्यात घनता त्याच्याही कित्येक पट असते.

## बल क्षीण होतं, मग जोड्या कशाच्या जोरावर?

ही शंका रास्त आहे. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ येतात, तितकं त्यांच्यातलं प्रबल बल क्षीण होतं. याच्या आधारे १९७५ मध्ये कॉलिन्स आणि पेरी यांनी म्हटलं की अतिदाट ताऱ्यांच्या पोटात मोकळे क्वार्क असावेत. बल क्षीण आणि क्वार्क मोकळे, तर ते जोड्या कशाला लावतील?

उत्तर कूपर यांच्या थप्पीत आहे. क्वार्कनाही ‘एका अवस्थेत एकच’ हा नियम लागू आहे, त्यामुळे त्यांचीही थप्पी लागते आणि तिला माथा असतो. माथ्यावर आकर्षण किती आहे याला महत्त्व नाही, ते आहे एवढं पुरे.

आणि इथे क्वार्कची स्थिती इलेक्ट्रॉनांपेक्षा कितीतरी सोयीची आहे. दोन इलेक्ट्रॉन सारख्या भाराचे, म्हणजे मुळात एकमेकांना ढकलणारे. धातूत त्यांची जोडी लागते ती मध्यस्थामार्फत. सुतळीच्या बाजेवर एक जण बसला की विणीत खळगा पडतो आणि दुसरा आपोआप तिकडे सरकतो. तसा एका इलेक्ट्रॉनमुळे धातूच्या जाळीला किंचित खळगा पडतो आणि दुसरा त्यात ओढला जातो. ही ओढ फार लंगडी, म्हणून धातूतली अतिवाहकता इतक्या थंडीतच टिकते. क्वार्कना असा मध्यस्थ लागत नाही. दोन वेगळ्या रंगांच्या क्वार्कची योग्य प्रकारे सांगड बसली, तर जे बल त्यांना प्रोटॉनमध्ये बांधतं तेच त्यांना थेट एकमेकांकडे ओढतं. ही योग्य सांगड अशी: दोघांच्या रंगांची अदलाबदल केली की अवस्थेचं चिन्ह उलटावं. चिन्ह तेच राहिलं तर आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण होतं.

ही कल्पना तशी जुनी. बॅरॉइस यांनी १९७७ मध्ये ती मांडली, बेलिन आणि लव्ह यांनी १९८४ मध्ये तिचा सविस्तर आढावा घेतला. पण तेव्हाच्या अंदाजात गॅप फार लहान येत होती आणि विषय मागे पडला. १९९८ मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास नव्याने हिशोब केले आणि गॅप १०० एमईव्हीपर्यंत असू शकते असं दाखवलं. एमईव्ही हे कणभौतिकीत ऊर्जेचं नेहमीचं माप. तापमानात सांगायचं तर १ एमईव्ही म्हणजे सुमारे १,१६० कोटी केल्विन. पुढच्याच वर्षी सॉन यांनी दाखवलं की अतिदाट अवस्थेत ग्लूऑनच्या चुंबकीय बलाची ओढ लांबवर पोचते, म्हणून तिथली गॅप धातूच्या सूत्रातून निघते त्यापेक्षा मोठी असते.

या घडीला गाभ्यातल्या क्वार्क द्रव्याची गॅप साधारण १० ते १०० एमईव्हीच्या दरम्यान धरली जाते.

## नऊ जण आणि एकच मेळ

तीन प्रकार गुणिले तीन रंग, म्हणजे नऊ तऱ्हेचे क्वार्क. कोणी कोणाशी जोडी लावायची?

समजा स्ट्रेंज क्वार्क खेळात नाहीच. मग लाल अप आणि हिरवा डाउन, हिरवा अप आणि लाल डाउन अशा जोड्या लागतात आणि निळे दोघे एकटे उरतात. या अवस्थेत आठपैकी पाच ग्लूऑन जड होतात.

स्ट्रेंजही बरोबरीने असेल तर फार सुंदर अवस्था तयार होते. अप-डाउनची जोडी लाल-हिरव्यात, डाउन-स्ट्रेंजची हिरव्या-निळ्यात, स्ट्रेंज-अपची निळ्या-लालमध्ये. नऊपैकी कोणीही एकटा उरत नाही. इथे रंगांची उलटापालट केली तर प्रकारांचीही तेवढीच उलटापालट करावी लागते, तरच चित्र पूर्ववत होतं. रंग आणि प्रकार एकमेकांना कुलूपबंद झालेले असतात, म्हणून याला कुलूपबंद अवस्था म्हणूया. अल्फर्ड, राजगोपाल आणि विल्चेक यांनी ती मांडली. घनता अमर्याद वाढवत नेली तर शेवटी हीच अवस्था येते, एवढं गणितातून पक्कं आहे.

आता नावाचं कोडं सुटतं. साध्या अतिवाहकात फोटॉन, म्हणजे विद्युतचुंबकीय बल वाहून नेणारा प्रकाशाचा कण, जणू जड होतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र आत शिरू शकत नाही. रंग-अतिवाहकात तेच ग्लूऑनांच्या बाबतीत घडतं आणि रंगाचं क्षेत्र बाहेर ढकललं जातं. कुलूपबंद अवस्थेत फोटॉन आणि आठ ग्लूऑन मिळून नऊ वाहक, त्यांतले आठ जड होतात. नववा उरतो. तो म्हणजे बहुतांशी फोटॉन, त्यात एका ग्लूऑनचा थोडासा अंश मिसळलेला. तो आत बिनधास्त फिरतो. अप, डाउन आणि स्ट्रेंज समसमान असल्याने त्यांच्या विद्युतभारांची बेरीज शून्य (अधिक दोन तृतीयांश, उणे एक तृतीयांश, उणे एक तृतीयांश), मग भार जुळवायला इलेक्ट्रॉनही लागत नाहीत. इलेक्ट्रॉन नाहीत, जोड्या तुटत नाहीत, तर वीज वाहणार कोण? म्हणून रंगाच्या दृष्टीने अतिवाहक असलेलं हे द्रव्य विजेच्या दृष्टीने पारदर्शक विद्युतरोधक असतं. या सगळ्या विषयात मला हा निष्कर्ष सर्वांत मोहक वाटतो.

## जड गडी आला की फुगडी सरकते

इथवरचं चित्र फार नेटकं आहे, आणि ते बिघडवतो स्ट्रेंज क्वार्क. कणभौतिकीत वस्तुमानही ऊर्जेच्याच मापात सांगतात. अप आणि डाउनचं वस्तुमान काही एमईव्ही, तर स्ट्रेंजचं ९३ एमईव्हीच्या आसपास, आणि दाट द्रव्यात त्याचं परिणामी वस्तुमान याहूनही बरंच जास्त असू शकतं. ठरावीक ऊर्जेत जड कणाच्या वाट्याला कमी संवेग येतो. म्हणजे स्ट्रेंजच्या थप्पीचा माथा बाकीच्यांपेक्षा खाली राहतो. एकीचा झोक मोठा, दुसरीचा कमी, अशी फुगडी जागच्या जागी फिरणार कशी?

इथे एक साधी तुलना कामी येते: एका बाजूला गॅप, दुसऱ्या बाजूला हा विसंवाद. विसंवाद मोजायचा तर स्ट्रेंजच्या वस्तुमानाचा वर्ग करायचा आणि त्याला थप्पीच्या उंचीने भागायचं. ताऱ्याच्या गाभ्यात ती उंची ४०० ते ५०० एमईव्ही. येणारा आकडा गॅपच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर क्वार्क आपले माथे ओढूनताणून एका पातळीवर आणतात आणि कुलूपबंद अवस्था टिकते. नमुन्यादाखल वस्तुमान २०० आणि उंची ४०० धरली तर विसंवाद १०० एमईव्ही येतो, म्हणजे गॅप ५० पेक्षा जास्त हवी. गॅपचा अंदाज १० ते १०० असल्याने प्रश्न नेमका काठावर अडकतो.

गॅप अपुरी पडली तर एक तडजोड शक्य आहे. असमान जोराची फुगडी जागेवर न राहता एका दिशेने सरकते. तशाच निव्वळ संवेग उरलेल्या जोड्या लागतात, आणि मग जोड्यांची दाटी सगळीकडे सारखी न राहता ठरावीक अंतरावर कमीजास्त होते, स्फटिकासारखी. धातूंसाठी ही कल्पना लार्किन, ओव्हचिनिकोव्ह, फुल्ड आणि फेरेल यांनी १९६४ मध्येच मांडली होती. २००७ मध्ये मान्नारेल्ली, राजगोपाल आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले ऋषी शर्मा यांनी हिशोब केला, तेव्हा हे क्वार्क-स्फटिक न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचापेक्षा २० ते १,००० पट ताठर निघालं. अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारं, असूनही ताठर!

## इतक्या तापलेल्या ताऱ्यात अतिवाहकता?

अतिवाहकता म्हटलं की कडाक्याची थंडी आठवते. पण थंड किंवा गरम हे गॅपच्या तुलनेत ठरतं. ज्या तापमानाला जोड्या विस्कटतात ते साधारण गॅपच्या ०.५७ पट असतं. गॅप ५० एमईव्ही धरली तर हे तापमान सुमारे ३३ हजार कोटी केल्विन. नवजात न्यूट्रॉन तारा १० हजार कोटींच्या घरात असतो, मिनिटभरात हजार कोटींपर्यंत उतरतो, आणि पुढे काही वर्षांत आतून १०० कोटींच्याही खाली जातो. क्वार्कच्या दृष्टीने ही गोठवणारी थंडी आहे.

आणखी एक तुलना करून पाहावी. पाऱ्यात जोड्या विस्कटण्याचं तापमान थप्पीच्या उंचीच्या वीस हजाराव्या भागाइतकं असतं. क्वार्क द्रव्यात ते सुमारे पंधरावा-सोळावा भाग येतं.

## मग प्रयोगशाळेत का करून बघत नाहीत?

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या महाकाय कणत्वरकामध्ये जड अणुकेंद्रकांच्या टकरींतून मोकळे क्वार्क मिळतात, पण तापमान दीड-दोन लाख कोटी केल्विनच्या वर. त्यात जोड्या लागतील कशा? जर्मनीत डार्मस्टाट इथे उभं राहत असलेलं फेअर हे केंद्र कमी ऊर्जेच्या टकरींतून जास्त दाट द्रव्य तपासणार आहे आणि भारत त्याच्या संस्थापक देशांपैकी एक आहे. पण तिथलं द्रव्यही ताऱ्याच्या गाभ्याइतकं थंड असणार नाही.

मग महासंगणकावर? प्रबल बलाची समीकरणं संगणकावर सोडवता येतात, पण क्वार्कची गर्दी वाढली की हिशोबात धन आणि ऋण पदांचा पूर येतो. समजा वहीत जमेला हजारो कोटी आणि खर्चाला हजारो कोटी आहेत, शिल्लक मात्र चार आणे. ती चार आण्यांची शिल्लक अचूक काढायची तर प्रत्येक नोंद पैशाच्या सूक्ष्म अंशापर्यंत बिनचूक हवी. यावर अजून कामचलाऊ तोड निघालेली नाही.

## ताऱ्याकडून काय कळू शकतं?

पहिलं, ताऱ्याचं वजन आणि आकार. पीएसआर जे०७४०+६६२० हा तारा सूर्याच्या सुमारे २.०८ पट जड आहे, आणि अंतराळ स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने त्याची त्रिज्या साडेबारा किलोमीटरच्या आसपास मोजली. इतका जड तारा न कोसळता उभा आहे, याचा अर्थ आतलं द्रव्य चांगलंच ताठ आहे. २०२४ मध्ये कुर्केला, राजगोपाल आणि स्टाइनहॉर्स्ट यांनी अशा मोजमापांवरून थेट गॅपवर वरची मर्यादा घातली. त्यांचा युक्तिवाद घाटरस्त्यासारखा आहे. पायथ्याचं गाव म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेला दाब, माथ्याचं गाव म्हणजे अतिदाट क्वार्क द्रव्याचा गणिताने काढलेला दाब, आणि मधल्या चढाला मर्यादा, कारण ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा जास्त असू शकत नाही. गॅप वाढली की माथ्याचं गाव आणखी उंच जातं. फारच उंच गेलं तर रस्ता जोडता येत नाही. गाभ्याहून बऱ्याच जास्त घनतेला ही मर्यादा सैल गृहीतकांनी ४५७ आणि रास्त गृहीतकांनी २१६ एमईव्ही येते. ही मर्यादा ढोबळ आहे, तरीही ताऱ्यांच्या निरीक्षणावरून क्वार्कच्या जोडीबद्दल आकडा काढता आला, याचं मोल मोठं आहे.

दुसरं, तारा निवतो कसा. एकटे क्वार्क न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिहलके कण, बाहेर टाकून तारा भराभर थंड करतात. जोडीतल्या क्वार्कना तसं करायचं तर आधी गॅपची किंमत मोजावी लागते, आणि १०० कोटी केल्विनला ते जवळपास अशक्य. म्हणजे निळे क्वार्क एकटे राहिले असतील तर तारा लवकर निवेल. सगळे कुलूपबंद असतील तर गाभा गप्प राहील आणि निवण्याचा वेग बाहेरचे थर ठरवतील.

तिसरं, फिरण्यातले झटके. पल्सार म्हणजे फिरताना नियमित स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा. व्हेला पल्सार सेकंदाला ११ फेऱ्या घेतो आणि साधारण दर तीनेक वर्षांनी त्याचा वेग दहा लाखांत एखाद्या भागाने अचानक वाढतो. नेहमीचं स्पष्टीकरण असं: अतिप्रवाही द्रव्यातले भोवरे कवचाच्या जाळीत अडकून राहतात आणि एकाच वेळी सुटतात. क्वार्क-स्फटिक तितकंच ताठर असेल तर भोवरे गाभ्यातही अडकू शकतील. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पल्सारांच्या अशा झटक्यांवर नजर ठेवतात.

## ‘पण गाभ्यात क्वार्क आहेत हे तरी सिद्ध झालंय का?’

थेट सिद्ध झालेलं नाही. काही विश्लेषणांनुसार सर्वांत जड ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क द्रव्य असण्याची शक्यता बळकट आहे, पण फक्त न्यूट्रॉन-प्रोटॉनांचं द्रव्य मानूनही बरीच मोजमापं जुळवता येतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, टिपल्या गेल्या. तारे एकमेकांभोवती फिरत असताना किती ताणले गेले, हे त्यातून कळलं. त्यांच्या मिलनानंतर तयार झालेल्या पिंडाच्या थरथरीत आतल्या द्रव्याची सर्वांत ठळक खूण असते. तिची वारंवारता काही हजार हर्ट्झ, आणि तिथे तेव्हाचे शोधक कमी पडले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. अशा टकरी आकाशात कुठे झाल्या हे त्यामुळे अधिक अचूक कळेल. त्या थरथरीसाठी मात्र दोन हजार हर्ट्झच्या वर आजच्यापेक्षा अनेक पट संवेदनशील शोधक लागतील.